पाणाड्याची परीक्षा त्याच्याच अटींवर घ्या

मार्च-एप्रिल आला की वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या संत्रापट्ट्यात बोअरच्या गाड्या फिरू लागतात. आंबिया बहाराची फळं झाडावर असतात, विहिरीने तळ गाठलेला असतो आणि बगीचा वाचवायचा तर पाणी आत्ताच पाहिजे असतं. गाडी वावरात शिरण्याआधी जमिनीखालचं पाणी दाखवणारा पाणाड्या येऊन गेलेला असतो. कुणी कडुनिंबाची बेचकी धरतो, कुणी तळहातावर नारळ आडवा ठेवतो, कुणी तांब्याच्या दोन तारा घेऊन धुऱ्याधुऱ्याने चालतो. जिथे काडी झुकली, नारळ उभा झाला, तिथे खुंटी ठोकायची, हळदकुंकू वाहायचं आणि गाडी बोलवायची. पाचशे-सातशे फूट खोदाई, केसिंग, मोटार, केबल धरली तर खर्च लाखाच्या पुढे जातो. बोअर कोरडा गेला तरी गाडीवाल्याचे फुटामागचे पैसे चुकत नाहीत.

एवढा पैसा एका खुंटीवर लागत असेल, तर ती खुंटी कशाच्या आधारावर ठोकली हे विचारायला हवं. ते विचारायची आपल्याकडे दोनच तऱ्हा दिसतात. एक म्हणजे पाणाड्याला भोंदू ठरवून मोकळं व्हायचं. दुसरी म्हणजे ‘आमच्या मामाच्या वावरात त्यानं दाखवलं तिथंच पाणी लागलं’ ही गोष्ट सांगून मोकळं व्हायचं. दोन्हींत तपासणी कुठेच नाही. माझं म्हणणं असं की हा दावा तपासण्याजोगा आहे, आपल्या गावातच तपासता येईल असा आहे, आणि परीक्षा न्याय्य व्हायची असेल तर तिचे नियम पाणाड्याला सोबत बसवून, आधी लिहून ठरले पाहिजेत. भूजलतज्ज्ञालाही त्याच परीक्षेला बसवलं पाहिजे.

मामाच्या वावरातली गोष्ट खरी असेल, पण ती पुरत नाही, याचं कारण आपल्या पायाखालच्या खडकात आहे. पश्चिम विदर्भाचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टचा. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. वरचा भाग झिजून मुरूम झालेला, मधे सच्छिद्र खडक, खाली घट्ट काळा पाषाण, दोन थरांच्या मधे कुठे लाल मातीचा पट्टा. पाणी राहतं ते मुरमात, भेगांत आणि थरांच्या सांध्यात. त्यामुळे नाल्याकाठच्या सखल वावरात कुठेही खोदलं तरी थोडंफार पाणी लागण्याचा संभव बराच असतो, आणि टेकाडावर दहा जणांनी दहा खुंट्या ठोकल्या तरी दहाही कोरड्या जाऊ शकतात. भंडारा-गोंदियाकडे खडक वेगळा, चंद्रपूरच्या गोंडवाना वालुकाश्मात हिशेब वेगळा. म्हणजे ‘पाणी लागलं’ एवढ्याने पाणाड्या बरोबर ठरत नाही. त्याच वावरात डोळे मिटून खडा फेकला असता तर काय झालं असतं, हे कळल्याशिवाय तुलना होत नाही.

शिवाय ‘पाणी लागलं’ म्हणजे नेमकं काय? अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात पूर्णेच्या गाळात पाणी सापडतं, पण ते खारं. त्याने ना पीक येतं ना घागर भरता येते. वरुडकडे बोअरला जुलैत दोन इंच पाणी असतं आणि मे महिन्यात मोटार हवा ओढते. पाणाड्या यशस्वी झाला की नाही हे कोणत्या महिन्यात, किती तासांच्या उपशानंतर ठरवायचं? हे आधी ठरलेलं नसेल तर प्रत्येक बोअर कुणाच्या ना कुणाच्या हिशेबात यशस्वी ठरतो. आणि कोरडा गेलाच, तर ‘पाणी हाये, पण तुम्ही शंभर फूट आधीच थांबले’ हे उत्तर तयार असतं. या उत्तराला कुणी खोटं पाडू शकत नाही, कारण आणखी शंभर फुटांचे पैसे कुणाकडेच उरलेले नसतात.

पाणाड्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, त्यातही हीच उणीव आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हान्स-डिटर बेट्झ यांनी १९९५ साली श्रीलंकेतल्या कोरड्या भागातल्या ६९१ बोअरचा अहवाल मांडला. श्र्योटर नावाच्या पाणाड्याच्या मदतीने काढलेल्या जागांवर ९६ टक्के यश मिळालं, असा तो दावा. आकडा मोठा आहे आणि तो उडवून लावू नये. पण त्याच भागात, त्याच काळात, चिठ्ठी टाकून निवडलेल्या जागांवर किती बोअर लागले असते, ते पाहायला तिथे कुणी खोदलंच नाही. अनुभवी माणसाला उतार, झाडं, मातीचा रंग, शेजारच्या विहिरी दिसतात. त्याला यश मिळालं ते काडीमुळे की डोळ्यांमुळे, हे त्या ९६ टक्क्यांवरून कळत नाही.

आता पाणाड्याच्या हातात काय होतं ते जवळून पाहा. बेचकीची दोन टोकं तो मुठीत धरतो, तळवे वर, कोपरं अंगाशी, आणि टोकं बाहेरच्या बाजूला ताणून. ओली काडी आता वाकलेल्या अवस्थेत अडकलेली असते. मनगट केसभर आत फिरलं की तिचं टोक झटक्यात खाली येतं, आणि तो झटका इतका जोरदार असतो की मुठीतली साल सोलवटते. धरणाऱ्याला खरोखर वाटतं की काडी ओढली गेली. नारळाचंही तसंच: तळवा किंचित कलला की गोलसर नारळ शेंडीकडून उठतो. मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३३ साली लोलकाबद्दल हेच दाखवलं. त्याच्या हातातला लोलक पाऱ्यावर धरला की हलायचा. डोळे बांधले आणि खाली काय आहे ते कळू दिलं नाही, की थांबायचा. १८५२ साली विल्यम कार्पेंटर यांनी अशा नकळत होणाऱ्या हालचालींना आयडिओमोटर हे नाव दिलं. म्हणून मी पाणाड्याला लबाड म्हणणार नाही. माझ्या पाहण्यातले बहुतेक पाणाड्या सरळ माणसं आहेत. काही तर नारळ आणि सव्वा रुपयाशिवाय काही घेत नाहीत. कुणी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मला म्हणून लहानपणीच गावाने त्याला हे काम दिलेलं असतं. प्रामाणिक माणूस प्रामाणिकपणे चुकू शकतो, आणि परीक्षा लागते ती नेमकी त्यासाठी.

परीक्षा कशी असावी? पहिलं काम कागदाचं. पाणाड्याने स्वतःच्या बोलीत सांगायचं: मला काय कळतं? वाहतं पाणी की साठलेलं? किती खोलीपर्यंत? किती हातांच्या अंतरात मी चुकत नाही? दहातले किती बरोबर सांगेन? अमावास्या चालते का, पायात चप्पल चालते का, जवळ लोखंड असलेलं चालतं का? तो सांगेल ते जसंच्या तसं लिहायचं, वाचून दाखवायचं आणि त्याची सही घ्यायची. त्याच्या एकाही अटीला हसायचं नाही. अनवाणी चालायचं म्हणत असेल तर अनवाणी. देवाचं नाव घेऊन सुरुवात करायची असेल तर तशी.

मग मैदान. हरभरा निघालेलं सपाट वावर घ्यावं, जवळ विहीर आणि मोटार असलेलं. आपल्या शेतकऱ्याला पाइपलाइन टाकण्यात कुणी शिकवायची गरज नाही. एका मुख्य पाइपातून दहा व्हॉल्व्ह, दहा व्हॉल्व्हना दहा पीव्हीसी पाइप, दहा-दहा फुटांवर समांतर, दोन फूट खोल गाडलेले, आणि सगळ्यांचं पाणी परत विहिरीत. एका वेळी एकच व्हॉल्व्ह उघडा. मोटार कायम चालू, म्हणजे तिच्या आवाजावरून काही कळणार नाही. नाल्या दहाही एकाच दिवशी खोदायच्या आणि सारख्या बुजवायच्या. आदल्या दिवशी दहाही पाइपांतून पाणी सोडून सांधे तपासायचे, कारण काळ्या मातीत गळती झाली तर सकाळी ओल वर दिसते आणि भेगा मिटतात. तेवढं पाहायला काडी लागत नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल: बंद पाइपातही पाणी उभं असणार. म्हणून ही परीक्षा वाहत्या पाण्याचा दावा करणाऱ्याची. साठलेलं पाणी कळतं असं म्हणणाऱ्यासाठी दहा झाकलेले ड्रम ठेवावेत, एकात पाणी, नऊत रेती.

परीक्षेच्या आधी पाणाड्याने मोकळं वावर फिरून पाहावं आणि खाली नैसर्गिक झरा असेल तर सांगावं. ती जागा सोडून द्यायची. त्यानंतर उघडी फेरी: कोणता व्हॉल्व्ह चालू आहे हे त्याला सांगून काडी चालवायला द्यायची. काडी तिथे झुकली पाहिजे आणि बाकी नऊ ठिकाणी शांत राहिली पाहिजे. त्याने ‘इथे मला बरोबर कळतंय, काही अडचण नाही’ असं म्हटल्यावर तेही लिहून घ्यायचं. या फेरीवर मी फार भर देतो, कारण नंतर ‘प्लास्टिकच्या पाइपामुळे कळलं नाही’ किंवा ‘गर्दीची नजर लागली’ म्हणायला जागा राहत नाही. ती सोय आपल्यासाठी आहे तशी त्याच्यासाठीही: मैदानात काही खोट असेल तर त्याला आधीच सांगता येते आणि आपल्याला ती दुरुस्त करता येते.

खरी फेरी सुरू झाली की माणसं दोन जागी विभागायची. व्हॉल्व्हजवळची मंडळी ताडपत्रीआड, लांब. ती दर फेरीला दहा चिठ्ठ्यांतून एक उचलणार, तो व्हॉल्व्ह उघडणार, आकडा लिहून पाकिटात घालणार, चिठ्ठी परत टाकणार आणि फोनवर फक्त ‘तयार’ म्हणणार. पाणाड्यासोबत चालणाऱ्या कुणालाही आकडा माहीत नसावा, पंचालाही नाही. हा नियम अविश्वासातून आलेला नाही. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणितं सोडवायचा. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवलं की विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल तरच घोड्याला ते येतं, कारण बरोबर आकड्यावर विचारणाऱ्याचा चेहरा आणि मान नकळत हलते. मालकालाही याचा पत्ता नव्हता. घोड्याला जे दिसतं ते माणसाला दिसणारच, आणि आपल्या गावात तर बघ्यांची दोनशे तोंडं असणार.

आता आकडे. दहा फेऱ्या घेतल्या तर निव्वळ अंदाजानेही तिघांतल्या दोघांचं निदान एक उत्तर बरोबर येतं. चारांतल्या एकाची दोन किंवा जास्त येतात. अशाला गावात ‘काहीतरी आहे बाबा त्याच्यात’ म्हणतात, म्हणून उत्तीर्ण होण्याची रेषा आधीच आखायची. मी ती पाचवर ठेवीन. अंदाजाने दहापैकी पाच किंवा जास्त येण्याची शक्यता साधारण सहाशेत एक. चारवर ठेवली तर वीस पाणाड्या बसवल्यावर त्यांतला एखादा नुसत्या नशिबाने पार पडण्याची शक्यता जवळजवळ चारात एक होते, आणि तेवढ्यावर वर्तमानपत्रात मथळा येतो. पाचची रेषा पाणाड्यावर अन्याय करते का? ज्याला दहातले सात खरोखर कळतात, तो शंभरातल्या पंच्याण्णव वेळा ती ओलांडेल. ज्याला निम्मेच कळतात, त्यालाही निम्म्याहून जास्त संधी आहे. आणि पाणाड्या स्वतः सहसा दहापैकी नऊ-दहा म्हणतो. पाच ओलांडणाऱ्याची महिन्याभराने तीच परीक्षा पुन्हा घ्यायची. दोन्हींत नशिबाने पार पडणं लाखांत एखाद्यालाही जमायचं नाही.

अशी परीक्षा नवी नाही. १९९० साली जर्मनीत कासेलला तीस पाणाड्यांनी अशीच परीक्षा दिली. पाइप ५० सेंटिमीटर खोल, वर जागा दाखवणारी खूण, आत पाणी वाहतंय की नाही एवढंच सांगायचं. सगळ्यांनी आधी अटी मान्य केल्या होत्या आणि यशाची खात्री दिली होती. निकाल अंदाजाइतकाच आला. त्याआधी म्युनिकजवळच्या एका कोठारात बेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे पाचशे जणांतून ४३ निवडून ८४३ चाचण्या घेतल्या. खालच्या मजल्यावर गाड्यावरचा पाइप सरकवायचा, वरच्या मजल्यावर पाणाड्याने दहा मीटरच्या रेषेवर जागा दाखवायची. त्यांनी काही जणांत खरी शक्ती असल्याचं जाहीर केलं. जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा मांडले तेव्हा दिसलं की त्यातला सर्वोत्तम पाणाड्या, दरवेळी रेषेच्या मधोमध बोट ठेवणाऱ्यापेक्षा सरासरी चार मिलिमीटर जवळ गेला होता. चार मिलिमीटरवर कुणी बोअर मारत नाही.

मग विदर्भात पुन्हा कशाला? कारण जर्मनीचा निकाल आपल्या माणसाला पटत नाही आणि पटावा अशी सक्तीही करता येत नाही. तिथली माती वेगळी, तिथले पाणाड्या वेगळे, हा आक्षेप पाणाड्या घेणारच. शेजारच्या वावरात, ओळखीच्या माणसाने, स्वतः मान्य केलेल्या अटींवर दिलेल्या परीक्षेला तो आक्षेप लागू होत नाही. आणि उद्या आपला एखादा पाणाड्या दोनदा उत्तीर्ण झाला, तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्याला सन्मानाने बोलावून पुढचा अभ्यास करावा. हेही कागदावर आधीच लिहिलेलं असावं. जिंकण्याची वाट उघडी नसेल तर परीक्षेला कुणी का बसेल?

एक आक्षेप मात्र खरा आहे. ‘पाइपातलं पाणी मला कळत नाही, मला धरतीचा झरा कळतो,’ असं कुणी म्हटलं तर त्याला पाइपांवर चालवण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी बिनखर्चाची परीक्षा आहे. अनोळखी वावरात त्याने खुंट्या ठोकाव्यात, आपण जागा मोजून खुंट्या काढून घ्याव्यात, आणि दुपारी डोळे बांधून, दुसऱ्या धुऱ्याकडून, पुन्हा चालायला लावावं. झरा तर हललेला नाही; खुणा त्याच जागी पडल्या पाहिजेत. तसंच तीन पाणाड्यांनी, एकमेकांना न भेटता, एकच वावर पाहावं. तिघांच्या खुणा तीन ठिकाणी पडल्या तर निदान दोघांच्या झऱ्याचं काय, हे एक फूटही न खोदता विचारता येतं.

शेवटी खोदूनच पाहायचं असेल तर एका वावरात तीन जागा हव्यात: पाणाड्याची, भूजलतज्ज्ञाची आणि चिठ्ठीने काढलेली. गाडीवाल्याला कोणती कुणाची ते सांगायचं नाही, तिन्ही सारख्याच खोल न्यायच्या आणि पाणी मे महिन्यात मोजायचं. विद्युत रोधकतेचं यंत्र, म्हणजे जमिनीत वीज सोडून खालच्या खडकाचा अंदाज घेणारं यंत्र, घेऊन येणाऱ्यांपैकी सगळे काही शिकलेले नसतात. तारा आणि आकडे दाखवून पैसे घेणारेही वावरात फिरतात, आणि शेतकऱ्याला यंत्रातला फरक कळायचा मार्ग नसतो. इराकच्या तपासणी नाक्यांवर दांड्यावर डुलणारी अँटेना बॉम्बशोधक म्हणून विकली गेली होती. ती विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ साली ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. यंत्र दिसलं म्हणून परीक्षा माफ होऊ नये. तज्ज्ञाची जागा चिठ्ठीपेक्षा सरस निघाली नाही, तर तेही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं पाहिजे.

अशी तीन-तीन जागांची खोदाई एका गावाला परवडणारी नाही. निष्कर्ष काढण्याजोगी वावरं जमायला सरकारच उतरावं लागेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहिरींची नोंद वर्षानुवर्षं चालू आहे, माणसं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. तोवर एक काम या उन्हाळ्यातच होऊ शकतं. २००९ च्या भूजल अधिनियमात विहिरींच्या आणि खोदाईच्या गाड्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. त्या नोंदीत तीन रकाने वाढवावेत: जागा कुणी दाखवली, किती फुटांवर पाणी लागलं, मे महिन्यात किती उरलं. ही नोंद म्हणजे नियंत्रित परीक्षा नव्हे. पाणाड्याला कोणत्या वावरात बोलावतात आणि तज्ज्ञाला कोणत्या, यात फरक असणारच. पण आज कोरड्या गेलेल्या बोअरची कुठेच नोंद राहत नाही. लागलेल्या बोअरवर नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, पाणाड्याचं नाव चार गावांत जातं. कोरड्या बोअरच्या तोंडावर दगड ठेवला जातो, आणि त्याचे हप्ते फेडणारा माणूस पुढच्या वर्षी दुसरा पाणाड्या शोधतो. रकाना भरायला तलाठ्याला पाच मिनिटं लागतील, आणि तो भरण्याची सुरुवात त्या दगड ठेवलेल्या बोअरपासून करावी.